संगणकातील नोंदी आणि वॉर्डातली सिस्टर : जिल्हा आरोग्य प्रशासनास खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हा शल्य चिकित्सक
आणि जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनात निर्णय घेणारे सर्व अधिकारी

विषय : इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदींबाबत ग्रामीण रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवर ठेवलेला ठपका

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयातून जिल्ह्यातल्या सर्व ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना जे पत्र गेले, त्याची प्रत माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी मला वाचायला दिली. रुग्णांच्या नोंदी संगणक प्रणालीत भरण्याचे प्रमाण समाधानकारक नाही, त्याचे कारण कर्मचाऱ्यांची नकारात्मक मानसिकता आणि नवे शिकण्याची अनिच्छा हे आहे, सबब प्रत्येक रुग्णालयातून निवडक कर्मचाऱ्यांना एक दिवसाच्या मानसिकता परिवर्तन कार्यशाळेस पाठवावे आणि ज्यांच्या नोंदी यापुढेही प्रलंबित राहतील त्यांच्या गोपनीय अहवालात तसा शेरा घ्यावा, असा त्या पत्राचा आशय आहे. हा निष्कर्ष काढण्यापूर्वी एखाद्या वॉर्डात रात्रपाळीला येऊन कोणी पाहिले होते का, याचा त्यात उल्लेख नाही. म्हणून हे उत्तर लिहीत आहे, आणि ज्यांच्या नावाने या नोंदी ठेवल्या जातात त्या रुग्णांनाही ते वाचता यावे यासाठी उघडपणे लिहीत आहे.

मी पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बहुतेक काळ प्रसूती कक्ष आणि स्त्री वॉर्ड यांतच गेला. सेवेत असताना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांच्या मर्यादेत राहून जे सांगता येत होते, ते टिपणीवर लिहून योग्य मार्गाने सादर केले. त्या टिपण्यांचे पुढे काय झाले ते फायलींनाच ठाऊक. आता ती मर्यादा उरली नाही, आणि ज्या मुली आज माझ्या जागी ड्यूटी करतात त्यांना ती आहे.

संगणकावरच्या नोंदींना माझा विरोध असेल, असा आपला समज होऊ नये. त्या लवकर आणि नीट याव्यात अशी माझ्याइतकी निकड फार थोड्यांना असेल, कारण माझ्या बहिणीची मुलगी सिकलसेलची एसएस रुग्ण आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही तिला हा दोष आला आहे. हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळपासून मेळघाटापर्यंत किती घरांत आहे, हे या भागातल्या कोणाला सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि तपासणी झालेल्यांना कार्डही मिळते. ते कार्ड रुग्ण आहे की वाहक एवढे सांगते. मध्यरात्री हाडे ठणकायला लागून ती मुलगी रुग्णालयात येते तेव्हा ड्यूटीवरच्या, बहुधा नव्यानेच रुजू झालेल्या कंत्राटी डॉक्टरला दुसऱ्याच गोष्टी हव्या असतात. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या रोजच्या औषधाचा डोस किती चालू आहे, मागच्या तपासणीत पांढऱ्या पेशी किती होत्या, रक्त शेवटचे कधी चढवले, आणि मुख्य म्हणजे तिचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते. सात हिमोग्लोबिन पाहून नवा डॉक्टर घाबरतो आणि रक्ताची चिठ्ठी लिहितो. एसएस रुग्णाचे ते बारमाही तेवढेच असू शकते, आणि नुसत्या दुखण्याच्या झटक्यासाठी रक्त चढवण्याची गरज सहसा नसते. हे सगळे कुठेतरी लिहिलेले असते. पण ते तिच्या आईच्या हातातल्या कॅरीबॅगमध्ये, नागपूरच्या आणि जिल्ह्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात, निम्मे पावसात भिजलेले असते. रुग्ण जिथे जाईल तिथे त्याची नोंद उघडावी, एवढीच संगणकीय नोंदींच्या योजनेची खरी किंमत आहे आणि ती मोठी आहे.

ही अपेक्षा काही आजची नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांतच आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत, मागितल्यास ७२ तासांत द्यावेत आणि नोंदी चटकन सापडाव्यात यासाठी त्यांच्या संगणकीकरणाचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, म्हणजे विदर्भातल्याच एका गावात, या शतकाच्या पहिल्या दशकातच संगणकीय प्रणालीवर काम सुरू झाले. म्हणजे विदर्भाच्या मातीतच काही खोट आहे असेही म्हणता येत नाही.

आता मानसिकतेविषयी. ज्या कर्मचाऱ्यांना आपण संगणकाला घाबरणारे ठरवले, त्या गरोदर मातांच्या नोंदी आरसीएच पोर्टलवर करतात, क्षयरुग्णांच्या निक्षयवर, साथरोगांच्या आयएचआयपीवर, औषधसाठ्याच्या ई-औषधीवर आणि लसीकरणाच्या यू-विनवर. कोविडच्या काळात गावोगावच्या को-विनच्या नोंदी याच हातांनी केल्या, त्याही बऱ्याचदा स्वतःच्या मोबाईलवर आणि स्वतःच्या रिचार्जवर. मी सेवेत असताना घडलेली एक गोष्ट सांगते. प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डातल्या संगणकावर दिसू लागले, तेव्हा त्यासाठी कोणतीही कार्यशाळा झाली नाही, कोणालाही नोटीस निघाली नाही. रिपोर्ट आणायला कक्षसेवकाला आता खाली पाठवावे लागत नाही, हे कळल्यावर आठवडाभरात सगळ्या सिस्टर, अगदी निवृत्तीला टेकलेल्यासुद्धा, तो स्क्रीन उघडायला शिकल्या. संगणक बंद पडला की तंत्रज्ञाला फोन आमच्याच वॉर्डातून जाई. माणसे तीच आणि त्यांची मानसिकताही तीच होती. त्या स्क्रीनने वॉर्डाला काही दिले, म्हणून वॉर्डाने तो स्वीकारला. आपल्या नव्या प्रणालीतला मोठा भाग वॉर्डाकडून फक्त घेतो. कर्मचाऱ्यांच्या नाराजीचे मूळ इथे आहे, आणि ते कसे हे आता क्रमाने सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार दुहेरी नोंदीची आहे. दुहेरी हा शब्दही सौम्यच झाला. एक बाई बाळंतपणाला आली की तिचा केसपेपर होतो, पार्टोग्राफ म्हणजे कळांच्या प्रगतीचा तक्ता भरायचा असतो, सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट असते, प्रसूती कक्षाचे रजिस्टर असते, माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करायची असते, बाळाच्या जन्मनोंदीचा फॉर्म, जननी सुरक्षा योजनेचे कागद, आरसीएचची माहिती, आणि आता याच गोष्टी नव्या प्रणालीत. बाईचे नाव, वय, गाव आणि कितवी खेप हे एकच सिस्टर एकाच पाळीत किती ठिकाणी लिहिते ते एकदा मोजून पाहावे. प्रणाली आली तेव्हा रजिस्टरे बंद होतील असे तोंडी सांगितले होते. एकही बंद झाले नाही. तपासणीला येणारे पथक आजही रजिस्टरच मागते, आणि रजिस्टर अपुरे असेल तर त्याचाही खुलासा मागते. कागद पूर्ण ठेवला नाही तर एक नोटीस आणि संगणक पूर्ण ठेवला नाही तर दुसरी, अशा स्थितीत जी नोंद रुग्णाजवळ बसून करता येते ती सिस्टर आधी करणार. तिने तसेच करावे असे मीही तिला सांगितले असते.

रुग्णाजवळ बसून म्हणते त्याचा अर्थ एका उदाहरणाने सांगते. झटके आलेल्या गरोदर बाईला ते थांबवण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट सुरू असते. पुढचे इंजेक्शन देण्याआधी तिच्या गुडघ्यावर ठोकून पाय उडतो की नाही ते पाहायचे, श्वास मोजायचे, पिशवीतली लघवी पाहायची, आणि तिन्ही ठीक असतील तरच सुई टोचायची, कारण औषध अंगात जास्त झाले तर श्वासच थांबतो. सिस्टर हे आकडे खाटेशेजारच्या कागदावर उभ्याउभ्या लिहिते. संगणक नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर, लॉबीच्या दुसऱ्या टोकाला आहे. रात्री त्या कक्षात ती आणि एक मावशी अशा दोघीच असतात. तिने त्या बाईला सोडून टेबलाशी जावे, लॉगिन करावे, चार पडदे ओलांडून तो रकाना शोधावा आणि मग परत यावे, अशी आपली अपेक्षा असेल तर ती लेखी द्यावी.

यातूनच दुसरी तक्रार निघते, ती वेळेची. पाळी संपताना, सकाळी चार्ज देण्याच्या आधी, रात्रभराच्या नोंदी एकदम संगणकात भरल्या जातात. रात्री दोनला दिलेल्या इंजेक्शनची वेळ प्रणाली सकाळची साडेसात दाखवते, कारण नोंद केली ती वेळ आणि औषध दिले ती वेळ यांत ती फरक करत नाही. उद्या काही बरेवाईट झाले आणि प्रकरण चौकशी समितीपुढे किंवा न्यायालयात गेले, तर केसपेपर एक सांगेल आणि संगणक दुसरे. तेव्हा खोटी कोण ठरेल, याचे उत्तर प्रत्येक सिस्टरला आधीच माहीत आहे. आपण ज्याला अनिच्छा म्हणता, तिच्यातला बराचसा भाग ही भीती आहे आणि ती निराधार नाही.

याच सदरात अनिवार्य रकान्यांचाही विचार व्हावा. रक्तदाब भरल्याशिवाय पुढचा पडदा उघडत नाही. बाह्यरुग्ण विभागात दुपारी रांग दरवाज्याबाहेर गेलेली असते, बीपीचे एकुलते यंत्र डॉक्टरांच्या टेबलावर असते, आणि मग खरूज असलेल्या पोरापासून पायात काटा गेलेल्या शेतमजुरापर्यंत सगळ्यांचे रक्तदाब १२०/८० होतात. आपल्या डॅशबोर्डावर तालुक्याची प्रकृती उत्तम दिसत असेल. त्या आकड्यांवर कोणी नियोजन करत असेल तर कृपया थांबावे.

लॉगिनची गोष्ट थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी तपासावे, निदान आणि औषध डॉक्टरांनीच प्रणालीत लिहावे, असे कागदोपत्री ठरले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी डॉक्टर केसपेपरवर पेनने लिहितात आणि त्यांच्याच लॉगिनमधून ते टाइप करते सिस्टर, औषधनिर्माता किंवा डेटा एंट्री ऑपरेटर. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून लावलेला असतो. अक्षर लागले नाही तर अंदाजाने भरले जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची जी सुधारित मानके काढली, त्यांत कोणाला काय पाहता येईल यावर नियंत्रण आणि कोणी काय केले याची नोंद या गोष्टी मूलभूत मानल्या आहेत. एकाच लॉगिनवर सगळा वॉर्ड चालत असेल तर ती सगळी व्यवस्था नावालाच उरते. डॉक्टरांना टंकलेखनाला वेळ नसतो हे मला मान्य आहे, त्यांचीही पदे रिक्त आहेत. पण त्यांचे काम सिस्टरच्या माथी मारून मानसिकतेचा शेराही तिच्याच अहवालात घ्यायचा, हा न्याय मला कळलेला नाही.

आता जी गोष्ट कार्यालयातून मुळीच दिसत नाही असे मला वाटते, तिच्याकडे वळते, आणि तिच्यासाठी थोडी जास्त जागा घेते. गर्भपाताच्या कायद्याखालील २००३ च्या विनियमांनुसार गर्भपातासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज आहे. ते कुलपात ठेवायचे असते, आणि केसपेपर, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर वगैरे बाकी ठिकाणी तिचे नाव न लिहिता फक्त अनुक्रमांक लिहायचा असतो. तिची ओळख उघड करण्यास कायद्यानेच मनाई आहे. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तोही असाच काटेकोर आहे. आम्ही हे नियम कायद्याच्या धाकाने पाळत होतो तितकेच गावाच्या धाकानेही पाळत होतो, कारण ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या मुलीला गेटवरचा माणूसही ओळखतो. नोंदणी खिडकीवरचा ऑपरेटर तिच्या शेजारच्या गावचा असतो, कधी तिच्याच वर्गात शिकलेला असतो. त्याच्या चांगुलपणावर मी शंका घेत नाही. पण नव्या प्रणालीत नोंदणी झाली की नाव, गाव, मोबाईल आणि कोणत्या कारणासाठी कोणत्या वॉर्डात दाखल झाली हे सगळे एका ओळीत दिसते, आणि ती ओळ खिडकीवर, औषधालयात आणि वॉर्डात सगळीकडे सारखीच दिसते. अशा रुग्णाचे नाव झाकण्याची काही सोय आहे का, असे विचारले तेव्हा आपल्या वॉर्डाच्या नोंदी प्रलंबित दिसत आहेत, एवढेच उत्तर आम्हाला मिळाले. त्यानंतर कित्येक सिस्टरांनी या रुग्णांच्या नोंदी संगणकात भरल्याच नाहीत. आपल्या तक्त्यात त्या कामचुकार दिसत असतील. माझ्या मते त्या काळात कायदा पाळणाऱ्या त्याच होत्या.

नोंदणीच्या खिडकीचा विषय निघालाच आहे तर आभा कार्डाचेही बोलते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्यातून प्रत्येकाला आपल्या आरोग्य नोंदी जोडण्यासाठी चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो. तो काढणे ऐच्छिक आहे. खिडकीवर मात्र ते उद्दिष्ट होते, आणि उद्दिष्टाला ऐच्छिक हा शब्द समजत नाही. आधारला जोडलेला मोबाईल मुलाजवळ असतो. ‘‘पोराच्या मोबाईलवर जाते जी ओटीपी, तो तं पुण्याले हाय,’’ असे सांगणारी म्हातारी रोज येते. मग पोराला फोन लागतो, तो कामावर असतो, उचलत नाही, आणि मागे रांग थांबते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळे निःशुल्क झाले, त्यामुळे गर्दी वाढली आणि ते चांगलेच झाले. पैशांची अडचण सुटली, तिच्या जागी ओटीपीची येऊ नये. नावांचा घोळ वेगळाच. मेश्राम, मडावी, उईके ही नावे इंग्रजीत प्रत्येक ऑपरेटर आपापल्या मताने लिहितो, वय अंदाजाने सांगितले जाते, जन्मतारीख सरसकट १ जानेवारी पडते, आणि एकाच रुग्णाच्या तीन-तीन नोंदी तयार होतात. माडिया बोलणाऱ्या आईकडून बाळाची माहिती घ्यायला दुभाषा लागतो आणि ते काम बहुधा बाजूच्या खाटेवरची बाई करते. जुनी नोंद सापडावी म्हणून ही प्रणाली आणली, पण या घोळात सापडत नाही ती जुनी नोंदच. शोधण्यापेक्षा नवी नोंदणी लवकर होते, म्हणून नवीच केली जाते.

वीज आणि इंटरनेट याविषयी सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या गेलेल्या आहेत, जनरेटरची लाइन शस्त्रक्रियागृह आणि प्रसूती कक्षापुरती आहे, मे महिन्यात पंखेदेखील चालत नाहीत तेव्हा संगणकाचे काय होणार, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. प्रश्न असा आहे की सर्व्हर बंद असताना काय करायचे, याचा लेखी आदेश कोणाकडेच नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातल्या त्या अग्रगण्य रुग्णालयाने कित्येक दिवस कागदावर काम केले. एम्सवर ती वेळ येऊ शकते, तर तालुक्याच्या ठिकाणी ती रोज येते हे धरूनच चालायला हवे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की मागच्या सगळ्या नोंदी त्याच दिवशी भरा, असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो. कोणी भराव्यात, कोणत्या वेळात, आणि तेवढा वेळ वॉर्ड कोणी पाहावा, हे त्या निरोपात नसते.

सगळा दोष प्रशासनाचा आहे असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. काही कर्मचाऱ्यांना संगणक नको असतो तो वेगळ्याच कारणाने. डॉक्टर ओपीडीत किती वाजता आले, रेफर केलेल्या बाईला पहिल्यांदा कोणी किती वाजता पाहिले, स्टोअरमधून निघालेले औषध रुग्णापर्यंत पोहोचले की नाही, हे कागदावर सोयीने लिहिता येते आणि संगणकात तितक्या सोयीने लिहिता येत नाही. ज्यांना ही सोय हवी असते ते दुहेरी कामाची तक्रार सर्वांत मोठ्या आवाजात करतात, आणि आमच्या संघटनांनीही त्यांना वेळोवेळी पाठीशी घातले आहे. काही ज्येष्ठ सिस्टर आपले वय झाले या सबबीवर सगळे काम नव्या कंत्राटी मुलींवर ढकलतात. तीही अरेरावीच आहे. अशांवर कारवाई झाली तर मला वाईट वाटणार नाही. पण त्यासाठी आधी प्रामाणिक माणसाला प्रामाणिक नोंद करणे शक्य झाले पाहिजे. आज दोघेही एकाच तक्त्यात, एकाच लाल रंगात दिसतात.

माझ्या आणि वॉर्डात काम करणाऱ्या अनेकांच्या मागण्या साध्या आहेत.

गोपनीय अहवालात शेरा घेण्याची सूचना मागे घ्यावी. हे सर्वांत आधी व्हावे, कारण तोपर्यंत कोणी मोकळेपणाने अडचण सांगणार नाही.

जी माहिती प्रणालीत भरली जाते तिचे रजिस्टर कोणत्या तारखेपासून बंद, याचा वॉर्डनिहाय लेखी आदेश काढावा आणि तो तपासणी पथकांवरही बंधनकारक असावा. सगळे एकदम करणे जमत नसेल तर एका वॉर्डापासून सुरुवात करावी, पण तिथे ते पूर्ण करावे. ज्या पोर्टलवर तीच माहिती पुन्हा भरावी लागते तिथे ती प्रणालीतून आपोआप जाण्याची व्यवस्था वरच्या पातळीवर मागावी. ते काम सिस्टरच्या हातातले नाही.

प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन द्यावे आणि दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करायला लावणाऱ्या अधिकाऱ्यालाही जबाबदार धरावे. प्रत्यक्ष घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ असे दोन रकाने असावेत, आणि कारण देऊन उशिरा केलेली नोंद हा गुन्हा मानू नये. जे तपासलेच नाही ते ‘तपासले नाही’ असे लिहिण्याची मुभा प्रणालीत असावी.

गर्भपात, एचआयव्ही आणि लैंगिक अत्याचाराच्या रुग्णांच्या नोंदी कोणाला दिसतील हे कायद्याप्रमाणे ठरवून तशी व्यवस्था होईपर्यंत त्या भरण्याची सक्ती थांबवावी. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आता झालेला आहे, त्याची जबाबदारी ऑपरेटरच्या नव्हे, संस्थेच्या डोक्यावर येते.

प्रसूती कक्षात आणि वॉर्डात खाटेपर्यंत नेता येईल असे साधन द्यावे, त्याला यूपीएस आणि जनरेटरची लाइन असावी, आणि सर्व्हर बंद असताना वापरायचा एक छापील कागद मंजूर करावा. त्यावरच्या नोंदी नंतर ऑपरेटरने भराव्यात. रात्रपाळीला ऑपरेटर नाही, तो द्यावा. पुरवठादाराचा माणूस पहिले काही महिने रुग्णालयातच बसावा, आणि त्यातल्या काही रात्रीही असाव्यात. प्रशिक्षण मराठीत, ड्यूटीच्या वेळात, त्याच वॉर्डातल्या संगणकावर व्हावे. जिल्ह्याच्या सभागृहात स्क्रीनवर दाखवलेले कोणाच्याही लक्षात राहत नाही, तिथला नाश्ता तेवढा राहतो.

आभा क्रमांक नाही म्हणून कोणाचा केसपेपर थांबणार नाही, अशी पाटी नोंदणी खिडकीवर मराठीत आणि गरज असेल तिथे गोंडीत लावावी.

आणि मोजमाप बदलावे. किती नोंदी भरल्या हे मोजण्याऐवजी, दुसऱ्यांदा आलेल्या किती रुग्णांची जुनी नोंद डॉक्टरांनी उघडून पाहिली, हे दर महिन्याला मोजावे. पहिले काही महिने तो आकडा लाजिरवाणा येईल. तो आपण प्रसिद्ध करावा. त्या एका आकड्यावरून प्रणाली कुठे अडते ते कळेल, आणि वॉर्डातल्या माणसांनाही आपण भरलेले कोणीतरी वाचते आहे असे वाटेल.

हे ठरवण्यासाठी जी समिती आहे तिच्यात आज एकही परिचारिका नाही. किमान दोन असाव्यात, त्यातली एक रात्रपाळी करणारी असावी, आणि बैठक तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवू नये.

नियोजित कार्यशाळेचा खर्च मंजूर झाला असेल तर तो यूपीएसच्या बॅटऱ्यांकडे वळवता येतो का, हेही पाहावे. तसे करता येत नसेल आणि कार्यशाळा होणारच असेल, तर ती एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात, रात्री, कामकाज चालू असताना घ्यावी आणि तिला आपल्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनीही हजर राहावे. खुर्च्यांची सोय होईल.

या पत्राचे लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते मला वेगळे पाठवण्याची गरज नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या सूचनाफलकावर, मूळ परिपत्रक लावले आहे त्याच्याच शेजारी लावावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका
पूर्व विदर्भ